बारीक पुस्तक

माझी वहिनी इस्पितळात पुस्तकांची ट्रॉली ढकलते. पगार नावाला आणि काम गाढवाचं. ही नोकरी तिला मीच लावून दिली, कारण मी त्याच इस्पितळात चादरी-उशांच्या खोलीत आहे आणि तिथल्या मोठ्या बाईंशी माझं बरं जमतं. वहिनीशी तेव्हा फारसं जमत नव्हतं. पण ती रोज संध्याकाळी माझ्या दादामागे पुस्तक वाचा म्हणून हात धुऊन लागायची, त्यापेक्षा परक्यांच्या मागे लागू दे, एवढाच माझा विचार.

दादा लिफ्ट दुरुस्त करायचा. घरी आल्यावर त्याला वर्तमानपत्राचं मागचं पान पुरे. वहिनीने दिलेलं प्रत्येक पुस्तक तो दोन पानं चाळून उशाशी ठेवायचा आणि वर चष्मा ठेवायचा. "चांगलं आहे गं, चष्म्याला उंची बरोबर झाली," असं म्हणायचा. ती चिडायची, मी हसायचे. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

इस्पितळात मात्र तिच्या हाताला यश होतं. तुम्हाला काय आवडतं, असं ती कधीच विचारायची नाही. "बरे असता तर आत्ता काय करत असता?" असं विचारायची, आणि उत्तर ऐकून भलतंच काहीतरी काढायची. ट्रक चालवणाऱ्याला तिने प्रवासाचं पुस्तक दिलं नाही. "रस्ते बघून बघून विटलाय तो," म्हणाली आणि समुद्राच्या तळाशी राहणाऱ्या माशांचं दिलं. मग तो सुई टोचायला आलेल्या नर्सला थांबवून मासे दाखवायचा. हिशेब लिहिणाऱ्या कारकुनाला खुनाच्या तपासाचं, एका पैलवानाला कुंडीतल्या झाडांचं, सगळ्या वॉर्डाशी भांडून झालेल्या आजीबाईंना एका भांडखोर राणीचं चरित्र. आजीबाई ते वाचून म्हणाल्या, "हिच्यापुढे मी म्हणजे गरीब गाय." फक्त शेवट कुणी विचारायचा नाही. विचारला, की वहिनी ट्रॉली पुढे ढकलायची.

तिचा सगळ्यात जास्त वेळ वरच्या मजल्यावरच्या वॉर्डात जायचा. तिथे आलेली माणसं बहुधा परत स्वतःच्या पायांनी खाली येत नाहीत. हे तिथे सगळ्यांना ठाऊक, बोलत कुणी नाही.

त्या वॉर्डात खिडकीपाशी एक चित्रकलेचे मास्तर होते. त्यांना जुन्या गलबतांच्या सफरींचं जाडजूड पुस्तक हवं होतं. वहिनीने पाहिलं, तर उजव्या हाताला सलाइन आणि डाव्याला कंप. म्हणून तिने पक्ष्यांच्या चित्रांचं एक बारीक पुस्तक दिलं, एका हातात धरता येईल असं. मास्तरांनी ते उघडलंच नाही. उशीखाली सारलं, बायकोला म्हणाले, मुलाला बोलावून घे. त्या दिवसापासून त्यांनी जेवणाचं ताट परत पाठवायला सुरुवात केली, आणि मुलगा पोचायच्या आत गेले.

चार दिवसांनी तिथल्या झाडूवाल्या मावशींनी वहिनीला जिन्यात गाठलं. मी धुतलेल्या चादरी घेऊन तिथेच उभी होते.

"ताई, राग मानू नका," मावशी म्हणाल्या. "तुम्ही जाड पुस्तक दिलंत तर माणसाला अजून दिवस आहेत, आणि बारीक दिलंत तर आवरतं घ्यायचं, असं आहे इथे. डॉक्टर तुम्हाला आधीच सांगून ठेवतात म्हणे."

डॉक्टर कसले सांगतात? ते तर ट्रॉली वाटेत आली म्हणून तिच्यावर खेकसायचे. तिने पाहिली होती ती फक्त मास्तरांची मनगटं. पण वॉर्डातल्या लोकांकडे दिवसभर करायला काय असतं? नर्सच्या चपलांचा आवाज, डॉक्टरांच्या भुवया, पुस्तकाची जाडी, सगळ्यात ते आपलं भविष्य वाचत पडलेले असतात. वहिनी त्या जिन्यातच खाली बसली. "मी मारलं त्यांना," म्हणाली. मास्तर तसेही वाचणार नव्हते, असं मी तिला दहादा सांगितलं. ते खरंही होतं. तिला त्याचा काही उपयोग झाला नाही.

त्यानंतर ती त्या वॉर्डात सगळ्यांना ठोकळेच देऊ लागली. ज्यांना पाण्याचा पेला उचलत नाही त्यांना पाचशे पानं. लोक खूश होते. पुस्तकं तशीच छातीवर पडून राहायची, पण चेहऱ्यावर टवटवी. आपण इथे पुस्तकं वाटतो की थापा, असं ती मला विचारायची. मी म्हणायचे, थापांनी कुणी मेलं नाही अजून.

मग दादा तिथे आला. खोकला वर्षभर होताच. तपासण्या झाल्या, खालच्या मजल्यावरून एकेक मजला वर चढत चढत तो शेवटच्या वॉर्डात पोचला. चाकाच्या खुर्चीवरून लिफ्टमधून नेताना त्याने दरवाजाचा आवाज ऐकला आणि मला म्हणाला, "बेअरिंग गेलंय हिचं. सांग कुणाला तरी." हाडं दिसत होती त्याची. मी हो म्हटलं आणि चादरींच्या खोलीत येऊन पोटभर रडले.

तिसऱ्या दिवशी वहिनीची ट्रॉली त्याच्या खाटेजवळून सरळ पुढे निघाली, तेव्हा तो म्हणाला, "का गं, माझं काय? बरा असतो तर मी आत्ता काय करत असतो, ते नाही विचारणार?"

पंचवीस वर्षांत त्याने पहिल्यांदा पुस्तक मागितलं होतं. सगळा वॉर्ड माना वळवून बघत होता. वहिनीने एक पुस्तक काढलं, जणू कधीपासून बाजूला ठेवलेलं. डोंगराच्या दोन्ही बाजूंनी बोगदा खोदत निघालेल्या दोन टोळ्यांची हकीकत होती ती, विटेएवढी जाड. एव्हाना त्याच वॉर्डात आलेल्या ट्रकवाल्याने समाधानाने मान हलवली. दादाने पुस्तक उचललं आणि ते त्याच्या हातून पोटावर आदळलं. त्याने पुन्हा उचललं. मग तो नुसताच त्यावर हात ठेवून पडून राहिला.

त्या संध्याकाळी वहिनीने ते घरी आणलं. पानाचा कोपरा दुमडला तर भांडायला उठणारी बाई ती. तिने स्वयंपाकघरातली सुरी घेतली आणि पुस्तकाची पाठ चिरली. "धरा वन्सं, नीट धरा," म्हणाली. मी धरलं. पाच भाग झाले. प्रत्येकाला तिने पुठ्ठा लावला, आणि दोऱ्याने शिवलं.

दुसऱ्या दिवशी दादाच्या हातात बारीक पुस्तक पाहून वॉर्ड चिडीचूप झाला. समोरच्या कारकुनाने तोंड भिंतीकडे केलं. दादाच्या ते लक्षात आलं असावं. घसा खाकरून तो मोठ्याने म्हणाला, "अहो, हा पहिला भाग आहे. अजून चार यायचेत. इतक्यात सुटका नाही तुमची माझ्यापासून." लोक हसले. आठवडाभरात ट्रकवाल्यानेही आपल्या पुस्तकाचे तुकडे करून मागितले.

आणि दादा वाचायला लागला. पहिला भाग झाला, दुसरा झाला. बोगद्यात पाणी शिरलं तेव्हा तो जेवला नाही. कप्पी चुकीची लावलीय म्हणून लेखकाला शिव्या घातल्या, मला कागदावर बरोबर कशी लावायची ते काढून दाखवलं. वहिनी स्टुलावर बसून ऐकायची. सुखाचे दिवस म्हणावेत, तर लाज वाटते म्हणायला. पण होते ते सुखाचे.

तिसरा भाग मात्र पुढे सरकेना. एक पान, मग अर्धं, मग दोन ओळी. नाकात नळी आली. एका दुपारी मी उशीचा अभ्रा बदलत होते, तेव्हा तो वहिनीला म्हणाला, "शेवटचा भाग दे."

"अजून तिसरा व्हायचाय तुमचा."

"माहीत आहे."

मी वहिनीला हाताला धरून दाराबाहेर नेलं. "अजिबात द्यायचा नाही," मी म्हटलं. "दिलास तर तूच त्याला सांगितल्यासारखं होईल." ती म्हणाली, "त्यांनीच मला सांगितलंय, वन्सं. आता मी जाड पुस्तक कुणासाठी धरून बसू?" मी तिला काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. तिने माझा हात सोडवला आणि पाचवा भाग घेऊन आत गेली.

तीच वाचत होती, मोठ्याने. दोन्ही टोळ्या एकमेकींना भेटल्या, पण ज्या मुकादमाने काम सुरू केलं होतं तो तोवर जिवंत नव्हता. वहिनी ते वाक्य गाळील असं मला वाटलं. तिने गाळलं नाही.

दादा डोळे मिटून ऐकत होता. संपल्यावर त्याने डोळे उघडले. मग म्हणाला, "छान होतं. उगाच इतकी वर्षं चष्मा ठेवला." आणि थोडा दम घेऊन, "आता पुढचं कुठलं?"

वहिनीने तोंड उघडलं. ट्रकवाल्यापासून आजीबाईंपर्यंत कुणापुढेही जी कधी अडली नाही, ती अडली. ट्रॉलीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. शेवटी म्हणाली, "विचार करून सांगते हं."

"सांग," तो म्हणाला. दुसऱ्या दिवशी सकाळी तो गेला.

वहिनी अजून ट्रॉली ढकलते. दुपारी आम्ही दोघी चादरींच्या खोलीत डबा खातो. जेवता जेवता ती मध्येच थांबते आणि विचारते, "वन्सं, ते जुन्या घड्याळांचं त्यांना आवडलं असतं का हो?" मी म्हणते, आवडलं असतं. उद्या ती दुसऱ्या कुठल्यातरी पुस्तकाचं विचारेल.