दोऱ्याने बांधलेली पत्रिका

"वडू नको रे! आदी चाक मागे घे."

मालवणच्या बाजारातल्या आमच्या छापखान्यात हे 'ओढू नको' दिवसातून दहा वेळा ऐकू यायचं. म्हणणारे मेस्त्री. खिळे, म्हणजे शिशाची सुटी अक्षरं, जुळवायचे ते त्यांनीच, आणि यंत्र अडलं की धाव घ्यायची तीही त्यांनीच. मी प्रुफं तपासायला होतो, म्हणजे दुसऱ्यांच्या चुका शोधणं हाच माझा धंदा.

पायाने चालवायचं छपाईचं यंत्र तुम्ही पाहिलं असेल, तर पावसाळ्यात ते कसं छळतं हे मी सांगायला नको. खाऱ्या दमट हवेने कागद फुगायचा आणि आत शाईला चिकटून बसायचा. बाहेर गिऱ्हाइकं ताटकळलेली. मालक तावातावाने कागद खेचायचे, तो अर्धा हातात यायचा, अर्धा आत राहायचा. मग मेस्त्री टोपी खुंटीला लावत, चाकावर तळवा ठेवून ते अर्धा फेरा उलटं फिरवत. कागद मुकाट्याने बाहेर यायचा. "तेका भिवयलास तर तो आनिक आत जातलो," असं ते मालकांना सांगत.

एकदा खारेपाटणचे एक वधुपिता लग्न चार दिवसांवर आल्यावर धापा टाकत आले. आमचे बहुतेक खिळे आधीच्या रखडलेल्या कामांत गुंतलेले. मेस्त्रींनी त्यांतली मालकांच्या मेहुण्याची जाहिरात उचलली आणि तिचे खिळे सोडवायला घेतले. मालक भडकले.

"एक काडल्याशिवाय बाकीची सुटाची नाय," मेस्त्री शांतपणे म्हणाले. संध्याकाळी पत्रिका तयार होत्या.

अशा माणसाचं स्वतःचं एक काम मात्र वर्षानुवर्षं फळीवर पडून होतं. त्यांच्या मुलाची लग्नपत्रिका.

मुलगा एकुलता एक, बोटीवर खलाशी. लग्न ठरलेलं. शिमग्याला येतो म्हणून पत्र आलं, आणि तेच शेवटचं. पुढे बोट कंपनीच्या कचेरीतून कळलं की तो कुठल्याशा बंदरात उतरला तो बोटीवर परतलाच नाही. मेस्त्री ग्रामदेवतेकडे गेले. मुलगा येईल का म्हणून गुरवाने कौल लावला आणि देवाच्या उजव्या अंगाचं फूल पडलं. देवाने हो म्हटल्यावर माणसाने शंका घ्यायची नसते. मेस्त्रींनी त्याच दिवशी पत्रिका जुळवली, तारखेची जागा कोरी ठेवली आणि खिळे दोऱ्याने घट्ट बांधून फळीवर ठेवले. आमच्याकडचे मोठे, ठसठशीत खिळे सगळे त्यात गेले.

दोन वर्षांनी, त्याच्याशी लग्न ठरलेल्या मुलीचं दुसरीकडे ठरलं. तिची पत्रिका आमच्याकडेच छापायला आली. मेस्त्रींनी ती बारीक खिळ्यांत जुळवली. प्रूफ मी वाचलं, एक चूक नव्हती. तरी माझी जीभ वळवळलीच. म्हटलं, "मेस्त्री, आता ती फळीवरची सोडायची का?"

त्यांनी चष्मा पुसला. "देवान कौल दिल्यान हा. झील येतलो." मुलगा येणार, एवढंच.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पुन्हा तो विषय मी काढला नाही.

पुढच्याच श्रावणात साध्या तापाचं निमित्त होऊन मेस्त्री गेले. बाराव्याचं पत्र छापायचं म्हणून त्यांची बायको छापखान्यात आली. मोठे खिळे हवे होते आणि ते कुठे आहेत ते आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. कोणी फळीकडे बघेना.

"सोड," तीच म्हणाली. "सगळ्यांची कामा सोडवल्यानी, ह्या एकच रवला."

मी फळीवरून पत्रिका उतरवली. शाईने आणि खाऱ्या हवेने गाठ दगड झाली होती. मी दोऱ्याला हिसका दिला.

"वडू नको रे," ती हळूच म्हणाली. मग मात्र मला रडू आवरेना.

गाठ तिनेच नखाने सोडवली. वरच्या ओळीत निमंत्रक म्हणून मेस्त्रींचं नाव होतं, त्यांनीच जुळवलेलं. ती ओळ मी तशीच उचलली, फक्त पुढचा 'श्री.' काढून तिथे 'कै.' बसवलं. खाली 'आपला दुःखांकित' जुळवून मी थांबलो आणि तिच्याकडे पाहिलं.

"झिलाचाच नाव घाल," ती म्हणाली. "येतलो तो."

मी मुलाच्या नावाची ओळ त्या जागी ठेवली आणि यंत्राचं चाक फिरवलं. त्या दिवशी एकही कागद अडकला नाही.