चिखलावरची फळी

सावेसरांची माझी पहिली भेट झाली ती कॉलेजच्या प्रयोगशाळेच्या दारात. रसायनशास्त्र विभागात मी नवी होते आणि गुडघ्यापर्यंत चिखलाने माखलेले एक गृहस्थ नुकत्याच पुसलेल्या फरशीवर पाय ठेवत होते. "बाहेर!" मी ओरडले. ते निमूट नळावर पाय धुऊन आले आणि म्हणाले, "मॅडम, बाटलीतही चिखलच आहे. तो तरी आत येऊ द्या." पुढे माझ्या निवृत्तीपर्यंत त्यांच्या बाटल्या मीच तपासल्या.

सरांचे काम सांगायला सोपे आहे. डहाणूच्या खाडीकाठच्या खाजणात, म्हणजे भरतीखाली जाणाऱ्या दलदलीत, समुद्राची ये-जा चालू असली, की खारा चिखल मिथेन फारसा सोडत नाही. बांध घालून समुद्र अडवला आणि आत पावसाचे पाणी साचले, की तोच चिखल वातावरण तापवणारा हा वायू भरभरून सोडू लागतो. सर चिखलावर पेटी उपडी ठेवत, तिच्यातली हवा सिरिंजने ओढून बाटलीत भरत. तलासरीचे एक कंत्राटदार म्हणत, "सर गटाराचा वास मोजतात." अडाण्याने हसावे, हे मी समजू शकते. हे गृहस्थ इंजिनियर होते.

त्यांनीच आमच्या खाजणाला बांध घातला आणि जनीबाईंसारख्या चिंबोऱ्या, म्हणजे खाडीतले खेकडे, धरणाऱ्या बायांच्या पोटावर पाय आला. बांधाला दार बसवून भरती आत घ्यावी, यासाठी सुनावणी लागली. सरांचे आकडे आमच्या बाजूचे होते, चांगले घसघशीत. सुनावणीच्या चार दिवस आधी खाजणात जनीबाई म्हणाल्या, "सर, तुमी उभे रेलात ना, की चिखल बुडबुडतो. मी लांबून बघते तवा गप असतो."

सर पेटीपासून दूर झाले. बुडबुडे थांबले. त्यांच्याच वजनाने दबून वायू वर येत होता. दोन वर्षांचे आकडे फुगलेले होते.

"सुनावणी होऊ द्या, मग दुरुस्त करा," मी म्हणाले. "समोरचे काय हरिश्चंद्र आहेत?"

"नाहीत. म्हणूनच आपले चुकून चालणार नाही."

भर सुनावणीत त्यांनी स्वतःचे आकडे मागे घेतले. मी महिनाभर त्यांच्याशी बोलले नाही. सर मात्र त्याच संध्याकाळी जनीबाईंच्या पाड्यावर माफी मागायला गेले. त्या म्हणाल्या, "मीच बोलली ना, आता तुमाला काय बोलू? परत मोजा. पन उभे नका राहू."

मग पेटीच्या दोन्ही बाजूंना, जरा लांबवर, खांब रोवून त्यांवर फळी टाकली. वर्षभर सर तिच्यावर पालथे पडून मोजत राहिले. आकडे कमी भरले, तरी अडवलेल्या चिखलाचा मिथेन खुल्या चिखलाच्या कितीतरी वर होता, आणि त्यात खोट काढणे कोणालाच जमले नाही. या मोजणीवरच्या शोधनिबंधात जनीबाईंचे नाव सरांनी आपल्या नावाच्या आधी घातले. दाराचा आदेश आला, पण फक्त निम्म्या खाजणासाठी. निम्म्या! समुद्र काय हप्त्याने येतो? त्या निम्म्यात मात्र चिंबोऱ्या परतल्या आहेत.

उरलेल्या निम्म्यासाठी सर पंचाहत्तरीतही फळीवर असतात. त्यांना उदंड आयुष्य लाभो आणि गुडघे शाबूत राहोत. सगळे खाजण खुले झाले, तरी ते पेटी घेऊन जातीलच, आणि आकडा आपल्याविरुद्ध आला तर तोही मोठ्याने वाचून दाखवतील. तेव्हा भांडायला मला सर समोर हवे आहेत, ठणठणीत.