राऊत सरांचा वेफर वाजेना

चार माणसं रोज एकाच टेबलावर डबे उघडायला लागली की किस्से साठतात, त्यासाठी वेगळं काही करावं लागत नाही. तलासरीजवळच्या आमच्या शाळेत यंदाच्या उन्हाळ्यात जे साठले, ते सगळे बटाट्याच्या वेफरचे निघाले. त्यात माझा काही दोष नाही, मी मराठी शिकवते.

*

राऊत सर गणिताचे, राहायला डहाणूजवळच्या सरावली गावात. चाळीस वर्षं त्यांच्या आळीतल्या घराघरात त्यांच्या आईच्या हातचे वेफर जायचे. यंदा आईचे हात थरथरायला लागले, किसणी धरवेना. मग सरांनीच बटाटे सोलले, चकत्या पाडल्या, मिठाच्या पाण्यात उकळल्या, गच्चीवर वाळवल्या आणि तळून आईपुढे ठेवल्या.

आईला दात नाहीत. ती वेफर खात नाही, कानाजवळ नेऊन मोडते. तिने मोडला, म्हणाली, "नाय वाजला." आणि बशी परत केली.

दुसऱ्या दिवशी तेच वेफर आम्ही डब्यासोबत खाल्ले. असे कुडुमकुडुम वाजत होते की बाहेरची पोरं खिडकीतून डोकावली. सरांना तसं सांगितलं, पण ते हसले नाहीत. हात थांबल्यापासून आई खिडकीशी गप्प बसते, अर्धी भाकरी ताटात ठेवते, म्हणाले. "तिने एकदा 'वाजला' म्हणायला पाहिजे. बस."

झालं. त्या दिवसापासून अख्खी स्टाफरूम वेफरच्या मागे लागली.

*

पहिला शोध आमच्या धोडी बाईंचा. बाई विज्ञानाच्या, माहेर-सासर दोन्ही वेवजीचं. त्यांच्या मते चूक सरांची नव्हतीच, चूक समुद्राची. डहाणूकडे हवा खारी, दमट. वेफर वाळल्यासारखा दिसतो पण आत ओला राहतो. सरांनी बॅगेत ओल्या चकत्यांचा डबा घालून आणला आणि बाईंनी त्या वेवजीच्या कौलांवर जुन्या साडीत वाळवल्या. दोन दिवसांत खडखडीत!

आईने कानाशी मोडला. नाय वाजला.

बाईंना फार लागलं ते. "अहो, माझ्या घरचं ऊन आहे ते," म्हणत दिवसभर फिरत होत्या.

*

भावनाबेन उंबरगावहून येतात, हिंदी शिकवतात आणि घरी गुजरातीत भांडतात. त्यांनी उंबरगावच्या आपल्या आईला फोन लावून विचारलं. निरोप आला, पाण्यात चिमूटभर तुरटी टाका.

सरांनी विचारलं, चिमूटभर म्हणजे किती बटाट्यांना? भावनाबेन पेपर तपासत होत्या. "एकाला," म्हणाल्या, मान वर न करता.

सरांनी चाळीस बटाटे घेतले होते.

ते वेफर तोंडात घातल्यावर जीभ टाळूला चिकटली. पुढच्या तासाला मला कवितेची एक ओळ धड म्हणता येईना. सर मात्र शेवटपर्यंत सांगत होते की गणित बरोबर होतं.

*

मग सरांनी बटाटा बदलला, तेल बदललं, गच्चीचा कोपराही बदलला. नव्या कोपऱ्यातल्या वेफरचा डबा आणला तो नेमका माझ्या चतुर्थीला. उपासाला चालतात म्हणून मी सकाळपासून पोटात काही नसताना दहा-बारा खाल्ले. चव काहीतरी ओळखीची, पण आठवेना. धोडी बाईंनी एक नुसता हुंगला आणि माझ्याकडे बघत राहिल्या.

त्या कोपऱ्याच्या खाली शेजारणीचे बोंबील वाळत होते.

मी विचारलं, "सर, हा उपास कोणत्या देवाचा?" सर म्हणाले, आईनेही तो कानाशीच मोडला, नाकाशी नेला असता तर बरं झालं असतं.

*

एप्रिलच्या शेवटच्या रविवारी आम्ही तिघी सरांच्या घरी गेलो. आता डोळ्यांसमोर करू, मग बघू काय चुकतं ते. किसणी भावनाबेनच्या हातात, चाळणी धोडी बाईंच्या, आणि मी वेवजीहून वाळवून आणलेल्या मागच्या खेपेच्या चकत्या तळायला घेतल्या. आई ओट्यालगतच्या खिडकीशी बसून एकेक हात बघत होती. वेफर सोनेरी फुलले. मी एक मोडला, तो पार ओट्यावरून दाराशी ऐकू गेला असेल.

सरांनी बशी आईपुढे धरली. तिने कानाशी नेऊन मोडला. मान हलवली. "नाय."

तेवढ्यात तिच्या पाठीशी, हातभर अंतरावर, कुकरची शिट्टी झाली. आम्ही तिघी दचकलो. आई खिडकीबाहेर बघत होती, तिची पापणीही हलली नाही. दुसरी शिट्टी झाली. तिसरी झाली.

इतके दिवस आम्ही चूक बटाट्यात शोधत होतो. मला तर रडूच येत होतं.

सर आईच्या पायाशी बसले. तिचा थरथरता हात उचलून त्यांनी स्वतःच्या गालावर दाबून धरला, एक वेफर तोंडात टाकला आणि दाढेखाली सावकाश फोडला. मग दुसरा. मग तिसरा. आईचे डोळे मोठे झाले. बोटं त्यांच्या जबड्यावर घट्ट बसली.

"वाजला," ती म्हणाली.

सरांचा घास तोंडातच राहिला. आईने हात काढून घेतला, पदराला पुसला आणि म्हणाली, "पण मीठ कमी पडलंय."

तिने वेफर तोंडातही घातला नव्हता. आम्ही चौघांनी एकेक चाखून बघितला.

मीठ कमीच होतं.