आधी विमान, मग सही

चिकलठाण्याच्या धावपट्टीवर मजीदमियाँ राखणदार होते. विमान उतरायच्या आधी पट्टीवर शिरलेल्या शेळ्या हाकलायच्या, एवढंच त्यांचं काम. पोलीस ॲक्शननंतर त्यांचे दोन्ही भाऊ कराचीला निघाले आणि यांनाही चला म्हणाले. पण मजीदमियाँना भलताच प्रश्न पडला: आपण गेलो तर शेळ्या कोण हाकलणार? राहायचं मनात असलं की माणसाला एवढं कारण पुरतं. पुढे त्यांना मुलगा झाला, युसूफ. तो बापामागे पट्टीवर पळता पळता वर बघायला शिकला आणि शेवटी पायलट झाला. मधल्या खस्तांबद्दल कुणी विचारलं तर ‘हो गया’ म्हणून तो विषय संपवायचा.

छप्पन्नाव्या वर्षी कॅप्टन युसूफ एका छोट्या कंपनीची पंख्यांची विमानं उडवत होते. औरंगाबाद ते नांदेड, नागपूर, मुंबई, आणि संध्याकाळी मुकुंदवाडीच्या घरी बायकोच्या, वहिदाबींच्या हातची भाकरी. विमानं इतकी जुनी की जमिनीला टेकली की प्रवासी शेजाऱ्याकडे बघून हसायचे. तरी ती पडली नाहीत, कारण चालवणारे जिवाला जपून चालवायचे.

कंपनीचे मालक आप्पासाहेब. त्यांच्या जिभेवर साखर होती आणि ती फुकट वाटण्यात त्यांनी कधी कंजुषी केली नाही. पायलटांचा जुना करार संपत आला तेव्हा त्यांनी सगळ्यांना मटणाचं जेवण घातलं आणि सांगितलं, की सत्तर आसनांची सहा कोरी विमानं येताहेत, शेजारी बसणारा प्रत्येक को-पायलट आता कॅप्टन होणार. त्यासाठी पायलटांनी फक्त एक करायचं. नव्या करारावर सही. त्यात सात वर्षं कंपनी सोडता येणार नव्हती, विश्रांतीचे तास घटणार होते आणि बढती नंबराप्रमाणे न होता कंपनीच्या मर्जीनं होणार होती. जाताना प्रत्येकाच्या हातात नव्या विमानाचं प्लास्टिकचं खेळणं दिलं. बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी, अशातली गत. पण खेळणं सुरेख होतं, पायलटांच्या पोरांनी झोपताना उशाशी घेतलं.

पायलटांच्या संघटनेच्या वतीनं बोलायला युसूफ कॅप्टन होते. याच मालकाच्या अशाच जेवणानंतर त्यांनी एकदा सही केली होती आणि तेव्हा कबूल केलेलं विमान अजून यायचं होतं. म्हणून या खेपेला त्यांनी एकच धोशा लावला: आधी विमान, मग सही. विमान पट्टीला टेकू दे, त्याच दिवशी सगळे सही करू. सगळ्यांना ते पटलं. एकानंही परस्पर फुटू नये म्हणून प्रत्येकानं आपल्या खांद्यावरच्या सोनेरी पट्ट्यांची एकेक जादा जोडी काढून कॅप्टनच्या हवाली केली. ज्याला सही करायची असेल त्यानं आधी मुकुंदवाडीला यायचं, कॅप्टनच्या डोळ्याला डोळा भिडवायचा आणि आपल्या पट्ट्या मागायच्या. वहिदाबींनी शेवयांचा पत्र्याचा डबा रिकामा करून दिला, वर ईदपर्यंत परत पाहिजे म्हणून बजावलं.

डबा ईदच्या बराच आधी रिकामा व्हायला लागला. सही न करणाऱ्यांना नव्या विमानाचं शिक्षण मिळणार नाही आणि जुन्या कराराची मुदत संपली की नोकरीही राहणार नाही, असं कंपनीनं कळवलं, आणि पहिला आला कडूबा. कॅप्टनच्या बरोबरीनं घोषणा देणारा हाच. तो म्हणाला, “चाचा, तुमचं उडून झालंय. आमचं राहिलंय.” कॅप्टननी पट्ट्या काढून दिल्या आणि चहाला थांब म्हणाले. कडूबा थांबला, चहाही प्यायला. नंतरचे मात्र दारातूनच मागायचे, पायातले बूट न काढता. मुंबईला बोलणी करायला गेले तर मालकाच्या माणसानं हसून विचारलं, की आता तुम्ही नेमके कुणाच्या वतीनं आलात? परत येताना कॅप्टनना आपलीच लाज वाटली. एवढे लोक आपल्या शब्दावर थांबले होते आणि आपल्याला ते धरून ठेवता आले नाहीत.

शेवटी डब्यात दोनच जोड्या राहिल्या. एक त्यांची आणि एक बन्सीची.

बन्सी सोयगावचा. नऊ वर्षं कॅप्टनच्या उजव्या हाताला बसत होता. कॅप्टनपदासाठी पुढचा नंबर त्याचाच. त्याची आई साळूबाई दर खेपेला विचारायची, की बाबा तू अजून किलीनरच हाईस का, डायव्हर कवा व्हनार? बन्सी हे हसत हसत सांगायचा, पण सांगून झालं की खिडकीबाहेर बघायचा. सही करणार का म्हणून कॅप्टननी त्याला विचारलं तेव्हा तो नाही म्हणाला. काढून टाकलं तर दुसरीकडं बघू म्हणाला.

दुसरीकडे कोण घेणार? संघटनेच्या माणसाचं नाव एका कंपनीतून दुसरीत कसं पोचतं, हे कॅप्टननी उभ्या जन्मात पाहिलं होतं. आपली नोकरी गेली तर गेली, पण आपल्यापायी हे पोर आयुष्यभर शेजारीच बसेल, या विचारानं त्यांचा जीव कासावीस झाला. मुदतीच्या आदल्या दिवशी त्यांनी बन्सीला बोलावलं आणि आयुष्यात कधी केलं नव्हतं ते केलं.

“मुंबईला मी विमानाचे कागद पाहिले,” ते म्हणाले. “अपनी आँखों से. डिसेंबरात येतंय. जा, सही कर.”

बन्सी त्यांच्याकडे बघत राहिला. कॅप्टननी डब्यातून त्याच्या पट्ट्या काढल्या आणि त्यांच्यावर आपली चार रेघांची जोडी ठेवली. कॅप्टन झालास की या लाव, म्हणाले. बन्सी वाकून त्यांच्या पाया पडला आणि निघून गेला. डबा धुऊन वहिदाबींच्या हाती गेला.

कॅप्टननी सही केली नाही. महिना संपला तशी त्यांची नोकरीही संपली, निरोपाला कुणी आलं नाही. ते गच्चीत बसायला लागले. विमान आलं की मान वर न करताच कळायचं, तेच जुनं, तेच घरघरणारं. डिसेंबर गेला. उन्हाळा गेला. हैदराबादच्या एका मोठ्या कंपनीला पायलट कमी पडले आणि तिनं बन्सीला कॅप्टन म्हणूनच बोलावलं, पण सात वर्षांच्या सहीनं त्याला बांधून ठेवलं होतं. ही बातमी वहिदाबींनी बाजारातून आणली, आणि त्या दिवशी कॅप्टन जेवले नाहीत.

दुसऱ्या दिवाळीनंतर कंपनीनं औरंगाबादचा तळच गुंडाळला. बदलीच्या गावी जायच्या आधी बन्सी दुपारचा मुकुंदवाडीला आला. बूट बाहेर काढून बसला. चार रेघांची जोडी त्यानं कॅप्टनपुढं ठेवली. एकदाही लावलेली नव्हती. आई कशी आहे, कॅप्टननी विचारलं. “बरी हाय,” तो म्हणाला. “आता इचारीत नाय.”

मग कॅप्टनना राहवेना. “बन्सी, कागद मी पाहिले नव्हते. कागदच नव्हते.”

“मला तवाच कळलं हुतं, चाचा.”

“मग सही का केलीस?”

बन्सीनं पुढ्यातल्या पट्ट्या बोटानं सरळ केल्या. “नऊ वर्सं तुमच्या शेजारी बसलो. तुम्ही कवाच खोटं बोलला नाय. मला वाटलं, आज बोलत्यात म्हंजी मी जड झालो. माझ्यापायी तुम्हाला सही न करता थांबावं लागू नये म्हनून गेलो.”

“जड नव्हतास रे,” कॅप्टन म्हणाले. “तू होतास म्हणून तर मी उभा होतो.”

“मंग दोघं ऱ्हायलो आसतो की, चाचा,” बन्सी म्हणाला.

वहिदाबी चहा घेऊन आल्या. दोघांपुढं ठेवून त्या आत गेल्या, आणि चहा तसाच राहिला.