गिरणीला कान लावणारे काका

व्होल्टेजकाका मला पहिल्यांदा दिसले ते शाळेच्या भिंतीला कान लावून उभे असलेले. मी संस्थेतर्फे बारा स्वस्त संगणक पोचवायला गेलो होतो. त्यांनी ओठांवर बोट ठेवलं आणि मी खोकं उचलून तसाच थिजलो. इतका वेळ थिजलो, की खोक्यातला संगणक तेवढ्यात जुना झाला असावा. शेवटी काका म्हणाले, "गेली." त्याच क्षणी पंखा थांबला.

भिंतीपलीकडे पिठाची गिरणी होती. वीज जायच्या आधी दोनेक मिनिटं तिचा आवाज जड व्हायचा. तो ओळखणारा कान सबंध वस्तीत एकच, आणि त्याखाली काकांची मिशी होती.

काकांनी उभा जन्म ट्रॅक्टर दुरुस्तीत काढला होता आणि आता शाळेतले दिवे-पंखे तेच सांभाळायचे. संगणकांच्या आतल्या बॅटऱ्यांनी पहिल्याच उन्हाळ्यात मान टाकली, तेव्हा त्यांनी ट्रॅक्टरच्या तीन जुन्या बॅटऱ्या आणल्या आणि भिंतीवर एक दांडा बसवला. दांडा खाली ओढला की संगणक बॅटरीवर. पण बॅटऱ्या जेमतेम वीस मिनिटं टिकायच्या आणि वीज गेल्यावर दांडा ओढून उपयोग नसे. तोवर पडदे काळे. म्हणून गिरणीचा आवाज पडला की काका ओरडायचे, "सेव्ह करा!" आणि दांडा ओढायचे. वर्षभरात एक ओळ हरवली नाही.

दुपारी बायकांचा वर्ग भरे. त्यात काकूही होत्या. त्या लेकीला पत्र टाइप करायच्या; रोज चार ओळी.

"घरी दहा हाका मारल्या तरी ऐकू येत नाही," काकू म्हणायच्या, "आणि गिरणीचं कुजबुजणंसुद्धा कळतं!"

"गिरणीचा आवाज मधूनमधून पडतो," काका म्हणायचे. "तुझा पडतो कधी?"

वर्ग हसायचा. काकू की-बोर्डवर त्यांचा सूड घ्यायच्या.

संगणक वर्षापुरतेच होते. वर्ष संपताना संस्थेच्या वरिष्ठ बाई येणार आणि ते इथेच ठेवायचे की हलवायचे, हे ठरवणार. काकांची झोप उडाली. आठवडाभर त्यांनी बॅटऱ्यांत पाणी भरलं, वायरी पुसल्या, माझ्या चपला रांगेत लावल्या. दांड्याला तेल लावायचंच काय ते राहिलं होतं, तर तेही त्यांनी दोनदा लावलं.

बाई आल्या. बायका टाइप करत होत्या. बाई काकूंच्या मागे उभ्या राहून वाचू लागल्या. काका दांड्याला हात लावून, कान टवकारून उभे. खोलीत विलक्षण शांतता होती. मला बरं वाटलं, मग वाटेना.

"काका," मी हळूच विचारलं, "गिरणी?"

"बंद ठेवायला सांगितलीय तासभर," काका अभिमानाने कुजबुजले. "पाहुण्यांसमोर कसली ती खडखड! मी स्वतः जाऊन विनंती..."

बोलता बोलता त्यांनी भिंतीकडे पाहिलं. मीही.

पंखा थांबला. बारा पडदे काळे झाले. काकांनी दांडा ओढला खरा, पण तो आता नुसता दांडा होता.

"माझं पत्र!" काकू म्हणाल्या. बाईंना दाखवायला त्या दिवशी अख्खं पत्र एका दमात टाइप केलं होतं; काकांची हाक आली नाही, म्हणून सेव्ह करायचं राहिलं होतं.

काकांनी बाईंना गिरणीचा सगळा प्रकार सांगितला. बाईंनी तो शांतपणे ऐकून घेतला आणि वहीत लिहिलं, "वीजपुरवठा भरवशाचा नाही." ते खोटं नव्हतं.

घरी जाताना काकू काकांना काही बोलल्या नाहीत. काका दोनदा थांबून मागे वळले. ऐकू येईना म्हणून.

संगणक महिन्याभरात दुसऱ्या शाळेत गेले. तिथे वीज जात नाही आणि आधीचेच चाळीस संगणक होते. काका आता गिरणीत कामाला आहेत.