जित्या माणसाचा पिंड

हळद शिजवण्याचे दिवस होते. कुरुंद्याच्या शिवाराला लागून आमचं गाव. त्या दिवसांत रानोरान काहिलींखाली, म्हणजे हळदीच्या मोठ्या कढयांखाली, चुलाणं पेटलेली असत आणि धुराला, कपड्यांना, भाकरीलासुद्धा हळदीचा वास येई. माझा थोरला भाऊ काहिलीतली शिजलेली हळद उपसत होता. मधेच थांबून त्याने दोन्ही हात नाकाशी नेले आणि शेजारच्या गड्याला म्हणाला, "वास येऊन राहिला न्हाई."

"पडसं असंल," गडी म्हणाला.

"न्हाई. मी मेलोय."

गडी हसला. दादा हसला नाही. हात न धुता तो घरी आला आणि ओसरीवर आडवा झाला. पाय दक्षिणेकडे केले, मुडद्याचे करतात तसे.

दुसरं महायुद्ध सुरू होण्याच्या आसपासचा, निजामाच्या राजवटीतला हा काळ. मी उर्दू शाळेतलं शिक्षण संपवून गावी परतलो होतो. वर्तमानपत्रात गेलो तो पुढे.

दादा रडत नव्हता, चिडत नव्हता, बरळतही नव्हता. त्याचं बोलणं पूर्वीइतकंच मोजकं आणि सरळ होतं. वहिनीने ताट आणलं की तो शांतपणे म्हणे, "मेलेल्याला ताट वाढत न्हाईत." ती तोंडाशी पेज धरी. थोडी आत जाई, थोडी ओघळून गळ्यावर येई. वडिलांना तो सकाळी उठल्यावर एकच विचारी, "बा, अजून काहून ठेवलं मला? वास सुटंल." आणि स्वतःचं मनगट हुंगून पाही.

सुरुवातीला चावडीवरचे म्हातारे येऊन बसत. त्यातला एक म्हणाला, "मेलास तर बिडी कशी ओढून राहिला बे?"

"तुमीच इस्तू लावून दिला, काका. मुडदा इस्तवाला न्हाई म्हनतो का कदी?"

सगळे मोठ्याने हसले. मग एकेक जण उठून गेला. त्यानंतर म्हाताऱ्यांचं येणं कमी होत गेलं.

वसमतच्या हकिमाचे काढे झाले. एका वैदूने रानातल्या मुळीची पूड दुधातून द्यायला सांगितली. तिने दादाला गाढ झोप लागली. जागा झाल्यावर तो म्हणाला, "मेल्यावरबी झोप लागते. हे कुनी सांगितलं नव्हतं."

वडील देवभोळे नव्हते. पेरणीआधी चार दाणे ओल्या फडक्यात बांधून उगवण पाहणारे शेतकरी होते. पारखून घेतल्याशिवाय ते काही मानत नसत. दादाच्या बाबतीतही त्यांनी एक पारख काढली.

"जित्याचा पिंड कावळा शिवत न्हाई," ते म्हणाले. "त्याच्या डोळ्यांदेखत पिंड ठेवू. कावळा फिरकायचा न्हाई. मग कसा म्हनतो मेलोय?"

गावातलं क्रियाकर्म करणाऱ्या गुरुजींनी कानांवर हात ठेवले. जित्या माणसाचा पिंड आपल्या हातून होणार नाही, म्हणाले. वडिलांनी स्वतःच भात शिजवायचं ठरवलं. वहिनी सहसा सासऱ्यापुढे बोलत नसे. त्या दिवशी दाराआडून म्हणाली, "मामंजी, नका करू. खोट्याचं खरं होतंया."

दादाला विचारलं तेव्हा कित्येक दिवसांनी त्याच्या चेहऱ्यावर समाधान दिसलं. "बरं होईल," तो म्हणाला. "आन् न्हाई शिवला, तर माझी कायतरी इच्छा राह्यली म्हनायची."

म्हणजे पारख काहीही निघाली तरी त्याच्या लेखी तो मेलेलाच राहणार होता. हे सगळ्यांनी ऐकलं. थांबलं कुणीच नाही.

ऊन चढल्यावर घरची, भावकीतली सगळी, बायकासुद्धा, नदीकाठी गेलो. दादा स्वतःच्या पायांनी चालत आला आणि एका दगडावर बसला. वडिलांनी वाळूत पिंड ठेवला. सगळे मागे सरले. एरवी अशा वेळी माणसं कावळ्याला हाका मारतात, मेलेल्याला कसली कसली वचनं देतात. इथे कुणी तोंड उघडलं नाही. आभाळात एकही कावळा नव्हता, आणि वडिलांचा चेहरा सैल होत चालला होता.

मग पलीकडच्या बाभळीतून एक कावळा निघाला. पाण्याच्या कडेला उतरला, चालत सरळ पिंडापाशी आला, चोच घातली, भात उचलला आणि उडून गेला. इकडेतिकडे पाहिलंदेखील नाही.

"बघा," दादा म्हणाला. उठून त्याने वडिलांना हात जोडले, लांबच्या गावी निघालेला माणूस जोडतो तसे.

बायकांत कुणीतरी हंबरडा फोडला. आमची एक चुलत आत्या जन्मभराच्या सवयीने पुढे आली, वहिनीचं मनगट धरलं आणि बांगड्या फोडायला खाली दगड शोधू लागली. वहिनीने हात हिसडला.

"आत्या, भानावर या! ते बसलेत की तितं!"

"बसलेत गं माय. पन कावळा शिवला ना."

वहिनी दोन्ही हात पदराखाली दाबून घरी आली.

तिला कुणी विधवा म्हटलं नाही. फक्त हळदी-कुंकवाचा करंडा फिरताना तिच्यापाशी आला की पुढे सरके. ओटी भरायला तिला बोलावणं येईना. हळदीवर जगणाऱ्या त्या गावात तिच्या कपाळाला दुसऱ्या बाईचं बोट लागेनासं झालं. नवरा ओसरीवर बसलेला असताना आपण सवाष्ण आहोत की नाही, हा प्रश्न तिच्यासमोर होता, आणि दादा बरा झाल्याखेरीज तो सुटणार नव्हता.

हिंगोलीच्या सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी वेड्यांच्या इस्पितळाचं नाव काढलं. तिथे एक नवं इंजेक्शन देतात, म्हणाले. वडील नदीवरून आल्यापासून कशातच बोलत नव्हते. वहिनी मला म्हणाली, "भावजी, तुमाला उर्दू येतंय. चला."

वसमतच्या स्टेशनात दादा खिडकीपाशी अडला. "मुडद्याला तिकीट लागत न्हाई."

तिकीटबाबूने चष्म्यावरून पाहिलं. "मुर्दा है तो पार्सल में जाव, मियां. उसका किराया जास्ती लगता."

दादाने विचार केला आणि तिकीट घेऊ दिलं. पूर्णेला गाडी बदलून आम्ही इस्पितळाच्या गावी पोहोचलो.

तिथले डॉक्टर हळू बोलत. ते म्हणाले, या इंजेक्शनने रोग्याला फिट येते. फेफरं आणि हा आजार एका शरीरात नांदत नाहीत, असं काही मोठ्या डॉक्टरांचं मत आहे. ते खरं की खोटं, मला सांगता येणार नाही. फिटा आल्यावर काही रोगी बरे झालेले मी पाहिलेत. कशाने होतात, हे अजून कुणाला कळलेलं नाही.

मी वहिनीला मराठीत सांगितलं. ती म्हणाली, "म्हंजे अंगात आनायचं, असं म्हना की. देवाच्या जागी सुई."

काय म्हणाली, असं डॉक्टरांनी विचारलं. मी सांगितलं. ते हसले नाहीत. "करीब-करीब," म्हणाले.

इंजेक्शन सकाळी, उपाशीपोटी देत. दातांत कापडाची गुंडाळी ठेवत, हाडं मोडू नयेत म्हणून खांदे आणि कंबर चार माणसं धरत. मला दाराशी उभं राहू देत. पहिल्या वेळी दादाने हात आपणहून पुढे केला. त्याच्या मते मेलेल्या हाताला काय व्हायचं होतं? औषध भराभर शिरेत गेलं. मग काही क्षण काहीच झालं नाही. त्या क्षणांत त्याचे डोळे मोठे झाले आणि दारातून माझ्या मागे काहीतरी पाहू लागले. मी वळून पाहिलं. मागे रिकामी पडवी होती.

मग सगळं अंग ताठ झालं, झटके सुरू झाले, संपले. श्वास थांबला. चेहरा काळानिळा, डोळे अर्धे उघडे, जबडा सैल. इतके दिवस तो स्वतःबद्दल जे सांगत होता तसाच नेमका तो त्या वेळी दिसत होता. मग छातीतून घरघर निघाली आणि श्वास परत आला.

पुढच्या खेपेलाही तसंच झालं. त्यानंतर एका सकाळी धरायला एक माणूस कमी होता म्हणून मला खाटेपाशी उभं केलं. सुई शिरेत असतानाच, गुंडाळी दातांत जाण्याआधी, त्याने माझा हात शोधला.

"बारक्या, मरून राहिलो रे! धर मला! मरून राहिलो!"

खांदे धरणारा नोकर म्हणाला, "सब यहीच बोलते, साब. सुई लगी की मौत दिखती."

फिट ओसरल्यावर डॉक्टरांनी मला त्या वाक्याचा अर्थ विचारला आणि पुन्हा सांगायला लावला. हळद शिजल्यापासून दादा मरणाबद्दल होऊन गेलेल्या गोष्टीसारखं बोलत आला होता. आज पहिल्यांदा ते अजून यायचं होतं. डॉक्टर म्हणाले, "अब छोड़ना नहीं." दादाला मात्र त्या खोलीची इतकी धास्ती बसली की पडवीत पावलं वाजली तरी तो भिंतीला चिकटे. वहिनीने ते पाहिलं. तरी ती त्याला हाताला धरून दारापर्यंत नेत राहिली.

पुढे त्या इंजेक्शनची जागा विजेच्या झटक्याने घेतली आणि नंतर तो भूल देऊन देऊ लागले. त्याच्या बातम्या मी स्वतः लिहिल्या. लिहिताना माझा हात कुणीतरी शोधतो आहे, असं वाटे.

बऱ्याच फिटा झाल्यावर एका दुपारी दादाने वहिनीचा पदर हातात घेतला आणि हुंगला. "हळद शिजली का गं सगळी?" त्याने विचारलं. मग भाकरी मागितली, वर ठेचा आहे का तेही विचारलं. काहिलीनंतरचं त्याला काही आठवत नव्हतं. गाडी नाही, ओसरी नाही, नदी नाही. डॉक्टर म्हणाले, असं होतं. काहींचं परत येतं, काहींचं येत नाही. वहिनीने माझ्याकडून वचन घेतलं की नदीचं मी त्याला सांगणार नाही.

गावात माणसं त्याला रामराम घालत. तो पुढे गेला की वळून त्याच्या टाचा कुठल्या बाजूला आहेत ते बघत. काहींचं म्हणणं, परत आलाय तो तो नव्हेच. गुरुजींनी तोड सुचवली: पिंड दिलेला माणूस परतला तर त्याचा नव्याने जन्म मानावा, बारसं करावं आणि त्याच्याच बायकोशी पुन्हा लग्न लावावं. वडील कबूल झाले. वहिनी झाली नाही.

"परत लगीन लावलं म्हंजे मदल्या काळात मी रांडाव होते, असं ठरलं," ती म्हणाली. "माझी एक बांगडी पिचली न्हाई. मी लावनार न्हाई."

त्यामुळे तिढा तसाच राहिला. भावकीत लग्न निघालं. आमंत्रण घराला होतं म्हणून गेलो. मांडवात सवाष्णी उखळात हळकुंडं कांडत होत्या. वहिनी खांबापाशी उभी होती. मुसळ एका हातातून दुसऱ्या हातात जात होतं, तिच्याकडे येत नव्हतं. इकडे पंगत बसली. दादाच्या दोन्ही बाजूंची माणसं थोडी थोडी सरकून बसली. वाढणारा त्याच्या पत्रावळीपुढे आला, घुटमळला आणि पुढच्याला वाढायला वाकला.

दादा मोठ्याने म्हणाला, "मेलेल्याला ताट वाढत न्हाईत. मला वाढ."

उखळातला आवाज थांबला. वहिनीने माझ्याकडे पाहिलं. मी नाही म्हणून मान हलवली. मी सांगितलं नव्हतं.

नवरीचा बाप पुढे आला, वाढप्याच्या हातातलं भांडं घेतलं आणि स्वतः वाढलं. दादा जेवू लागला. त्याने पुन्हा मागितलं. मिरची दाताखाली आली तसा ठसका लागला, त्याने नाक पुसलं. पूर्वी बिडीवरून विचारणारा म्हातारा समोरून म्हणाला, "वाढा रे त्याला! भुताला कदी ठसका लागतो का?"

हशा पिकला. नदीवर दगड शोधणारी आत्या बसल्या जागेवरून ओरडली, "काय बघत उभी राह्यली गं माय? ये, धर हे मुसळ. माझे खांदे गेले."

वहिनी गेली. तिच्या हातात मुसळ आलं.

घरी येताना मी दादाला विचारलं, "तुला आठवतंय?"

"थोडं," तो म्हणाला. "कावळ्याचे पाय आठवतात. ओले होते. वाळू चिकटली होती." थोडं चालल्यावर म्हणाला, "तिच्यापाशी बोलू नको." वहिनीला कळलंच होतं. पण त्या दोघांत तो विषय कधी निघालेला मी ऐकला नाही.

एक गोष्ट मात्र मागे उरली. सर्वपित्रीला पूर्वजांचं पान अंगणात ठेवायचं काम दादाने आपल्याकडे घेतलं. पान ठेवून तो उभा राही, कावळा शिवेपर्यंत. आत येऊन "शिवला" एवढंच म्हणे. मग वहिनी त्याचं ताट वाढी. तो कुणासाठी थांबतो, हे मी विचारलं नाही.

अठ्ठेचाळीस साली, रझाकारांच्या धास्तीने वऱ्हाडात गेलेली माणसं नुकती परतत असताना, सर्वपित्रीला मी घरी होतो. दादा अंगणात उभा होता. उन्हं डोक्यावर आली, कलली. एकही कावळा दिसेना. पानावरचा भात वाळून तडकला. दादाने मनगट नाकाशी नेलं. मग पुन्हा नेलं.

वहिनी चुलीपासून उठली. भरलेलं ताट घेऊन अंगणात आली आणि पानाशेजारीच, त्याच्या पायाशी, ठेवलं. पितरांच्या आधी घरच्या माणसाने जेवणं आमच्याकडे कधी झालं नव्हतं.

"कावळा येईल तवा येईल," ती म्हणाली. "तुमी बसा जेवायला."

दादाने अंगणापलीकडच्या बाभळीकडे पाहिलं, ताटाकडे पाहिलं. मग खाली बसला. वहिनीने त्याच्या हातावर पाणी घातलं. त्याने हात हुंगला आणि पहिला घास घेतला.