गबरू गेल्यानंतरचे दिवस

अकोल्याच्या ललिता इंगळे सरकारी दवाखान्यात आया होत्या. निवृत्त झाल्यावर ओळखीच्या एका डॉक्टरीणबाईंनी उन्हाळ्याच्या सुट्टीत आपलं मांजर त्यांच्यावर सोपवलं, आणि तिथून हे काम मागे लागलं. लोक गावाला गेले की ललिताबाई त्यांच्या घरी मुक्कामाला जायच्या. कुत्र्या-मांजरांना खाऊ घालायचं, फिरवायचं, सोबत करायची. दिवाळीत तर बोलावणी फार. "मावशी, तुमच्यात दिवाळी नसते ना?" असं लोक खुशाल विचारत. ललिताबाई "नाही" म्हणून मोकळ्या होत. मुलगी प्रियदर्शनी घरी होती तोवर त्या चिवडा, शंकरपाळे सगळं करत, हे कशाला सांगत बसायचं? नवरा वारला, मुलगी नोकरीसाठी बंगळूरला गेली. आता एकटीसाठी कोण कढई चढवणार!

यंदा त्या अमरावतीला आल्या, हेमचंद्र आणि अनुपमा या वकील जोडप्याकडे. दोघं आपल्या अवनीला घेऊन केरळला निघाले होते. त्यांचा म्हातारा लॅब्राडोर, गबरू, मागे राहणार होता. गाडी वळून दिसेनाशी झाली तरी तो फाटकाशीच उभा.

"चाल बाबू, आता आपन दोघंच," ललिताबाई म्हणाल्या.

फटाके सुरू झाले की गबरू पलंगाखाली शिरायचा. ललिताबाई फरशीवर चटई टाकून त्याच्याजवळ बसत आणि त्याला दवाखान्यातल्या गोष्टी सांगत. दिवसभरात त्यांचं बोलणं काय ते तेवढंच.

पाडव्याला त्यानं भात सोडला. जनावरांचे डॉक्टर सुई देऊन गेले; वय झालंय, म्हणाले. भाऊबीजेच्या दुपारी गबरूनं ललिताबाईंच्या मांडीवर डोकं ठेवलं, एक लांब श्वास सोडला आणि पुढचा घेतलाच नाही. दवाखान्यात त्यांनी कितीतरी जीव जाताना पाहिले होते, पण तिथे हाक मारायला सिस्टर असायची. इथे त्या उगाच दारापर्यंत गेल्या आणि परत आल्या.

फोन लागला तेव्हा अनुपमा बोटीत होती. रडत म्हणाली, "मावशी, महापालिकेची गाडी बोलवा..." मागून अवनी ओरडली, "त्याला गाडीत नका टाकू!"

"नाही टाकत बेटा. आंगनातच ठेवतो त्याले."

त्यांनी समोरच्या महादेवरावांचं दार वाजवलं. निवृत्त मास्तर, आजवर दोघांनी एकमेकांना नुसतं पाहिलं होतं.

"सब्बल हाय का तुमच्याकडे?"

"कावून?"

"कुत्रं गेलं."

मास्तर सब्बल आणि फावडं घेऊन आले. सीताफळाच्या झाडाखाली दोघांनी आळीपाळीनं खणलं. काळी माती, ओली आणि चिवट. शेवटी हात धुताना मास्तरांनी विचारलं, "तुमी त्यायच्या कोन?"

"कोनीच नाही."

मास्तर मान हलवून घरी गेले.

संध्याकाळी हेमचंद्रचा फोन आला. "मावशी, आम्ही येईपर्यंत थांबाल का? घर रिकामं नको."

त्या थांबल्या. पण आता त्या घरात सांभाळण्यासारखं काही नव्हतं. एका सकाळी, गबरूला रोज फिरवायच्या त्या रस्त्यानं त्या एकट्याच फिरून आल्या. वाटेत थांबून गबरूला कुरवाळणाऱ्या बायकांपैकी एकीनंही ओळख दिली नाही. त्या ओळखत होत्या ते गबरूला.

त्यांनी मुलीला फोन लावला. "पिऊ, गबरू गेला वं."

"कोण गबरू?"

त्या सांगू लागल्या, तोच ती म्हणाली, "आई, मी मीटिंगमध्ये आहे गं, नंतर करते." तो दिवस गेला, फोन आला नाही.

घरची मंडळी परतली तेव्हा अवनी सरळ सीताफळाखाली गेली. "मावशी, तो मला शोधत होता का?"

तो दिवसभर फाटकाकडे बघायचा, हे ललिताबाईंच्या ओठांवर आलं होतं. त्या म्हणाल्या, "तुही चप्पल जवळ घेऊन निजे तो. चांगला निजे."

हे खरंच होतं. अवनी रडली, आणि ललिताबाईंनी तिला रडू दिलं.

अकोल्याच्या एसटीत बसल्यावर त्यांचा फोन वाजला. नाताळच्या सुट्टीसाठी कोणी प्रणाली नावाची बाई विचारत होती, कुत्रा सांभाळाल का म्हणून.

"किती वर्साचा हाय?" ललिताबाईंनी आधी विचारलं.

"म्हातारा आहे हो. म्हणून तर कोणीतरी सोबतीला हवं म्हणते."

एसटी बडनेऱ्याच्या पुढे निघाली होती.

"बरं," त्या म्हणाल्या, "येतो मी."